थंड नळीची पहिली गोळी

३ ऑगस्ट, शनिवार

घेतली! दुकानदारानं तीनदा विचारलं, "यजमानांसाठी का?" तिसऱ्यांदा मी म्हटलं, "यजमानांकडे लग्नाआधीपासून आहे. ही माझी." मग मुकाट्यानं खोका बांधायला लागला.

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, साडेसहा मिलिमीटर, काळ्या प्लास्टिकचा दस्ता. नवऱ्यानं, आल्बिननं, मागे त्याच्या रायफलवर नवी दुर्बीण बसवली, त्या नुसत्या दुर्बिणीच्या पैशांत माझी अख्खी रायफल दुर्बिणीसकट आली. दिसायला कुरूप आहे, ते लिहून मोकळी होते. बोल्ट मागे ओढला की जिन्यावरून पत्र्याची ट्रंक ओढल्यासारखा आवाज. खालून बसवायची काडतुसांची पेटी खेळण्यातल्यासारखी. पण चाप — चाप फार चांगला! कुठं खरखर नाही, लोंबकळणं नाही. काचेची काडी मोडावी तसा सुटतो.

आल्बिननं जेवणाच्या टेबलावर ती उलटसुलट करून पाहिली. त्याची रायफल सीमेपलीकडच्या कारागिरानं घडवलेली, अक्रोडाचा दस्ता, त्यावर ओकची पानं कोरलेली. म्हणाला, "पावसात भिजणार नाही, एवढं खरं. बादलीही भिजत नाही."

मी म्हटलं, "टेबलावरून उचल. जेवायचंय."

रात्रीच्या आत कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या डगमगायला नको. गेल्या ऑगस्टच्या परीक्षेत मी नापास झाले. आल्बिनची जुनी जादा रायफल वापरली होती. ती खांद्याला लाथ मारते आणि लाथ बसायच्या आधीच माझे डोळे मिटतात. तीनपैकी एकच गोळी वर्तुळात. आमच्या शिकारी मंडळाचा नियम असा — नवा सभासद असो की सत्तरी ओलांडलेला, दरवर्षी तीन गोळ्या झाडायच्या. तिन्ही आत, तर रानात एकट्यानं जायचा परवाना. नाही तर वर्षभर बरोबर कुणीतरी हवं. माझ्याबरोबर आल्बिन असतो. मचाणावर कानाशी कुजबुजतो, "आता. नको. आता! थांब." मे महिन्यात एक नर हरीण ही कुजबुज ऐकत बराच वेळ उभं राहिलं आणि निघून गेलं.

चौतीस वर्षं मी शाळेत फिजिक्स शिकवलं. परीक्षेत कुणाला शेजारच्याच्या कानात उत्तर सांगू दिलं नाही. मलाही नको आहे!

यंदाची परीक्षा २५ तारखेला. लागोपाठ दोनदा नापास झालेल्याला पुढं तीन वर्षं बसू देत नाहीत. मी आत्ता सदुसष्टची आहे. तीन वर्षं थांबायला मला परवडत नाही.

४ ऑगस्ट, रविवार

दगडाच्या जुन्या खाणीत मंडळाची चांदमारी आहे. किल्ली विंकोकडे असते. पूर्वी पोस्टमन होता, अजूनही प्रत्येकाच्या घरात काय आलं ते त्याला ठाऊक असतं.

"बाई, ही बंदूक आहे की भिंतीला भोकं पाडायचं मशीन?"

"भोकं पाडायलाच आलेय. कागद लाव."

दुर्बीण जुळवायला काही काडतुसं गेली. मग शंभर मीटरवर नवा कागद. तीन गोळ्या. वाळूच्या पिशव्या नीट रचून, श्वास सोडून, मधे थांबत. विंको कागद घेऊन आला तेव्हा चालता चालताच हसणं बंद झालेलं होतं. दोन भोकं एकमेकांत शिरलेली, तिसरं अर्ध्या बोटावर. त्यानं खिशातून दोन युरोचं नाणं काढून वर ठेवलं. तिन्ही झाकली गेली!

"कुणाला सांगू नका," विंको म्हणाला. "माझी यापेक्षा चौपट किमतीची आहे."

मी म्हटलं, तीन मोजमापं म्हणजे पुरावा नव्हे. पुन्हा लाव.

पुन्हा तेच. किंचित मोठं, पण तेच.

घरी येताना मी गाडीत गात होते. आल्बिन नव्हता म्हणून बरं.

५ ऑगस्ट

खांदा दुखत नाही. डोळे मिटत नाहीत. बास.

७ ऑगस्ट, बुधवार

दोन प्रकारची काडतुसं तपासली. स्वस्तातली कागदभर फिरतात. मधल्या किमतीची एका जागी बसतात. रायफलची निवड आणि माझी पेन्शन यांचं जमलं म्हणायचं!

दोष — लिहायला हवेत, नाही तर हे सगळं जाहिरातीसारखं होईल. एक, नळी बारीक आहे. चौथ्या-पाचव्या गोळीला तापते आणि गोळ्या वर सरकायला लागतात. दोन, दस्त्याचा पुढचा भाग बोटानं दाबला तरी वाकून नळीला टेकतो. आमच्याकडचे पुरुष मचाणाच्या कठड्यावर बंदुकीचं नाक दाबून नेम धरतात. लाकडाला ते चालतं. हिला चालणार नाही. मी मागे, काडतुसांच्या पेटीच्या जरा पुढं टेकवते. फरक लगेच दिसला.

आल्बिनला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बंदुकीनं तुला शिकवलं." मी म्हटलं, तुझ्यापेक्षा कमी बोलून.

हसला. कॉफीचा कप हल्ली दोन्ही हातांनी धरतो.

८ ऑगस्ट, गुरुवार

नवा प्रयोग. रानात तापलेली नळी कुणाला मिळते? हरणासमोर पहिली गोळी थंड नळीचीच असते आणि बहुधा तीच शेवटची. परीक्षेतही आधी सरावाची गोळी देत नाहीत. तेव्हा रोज सकाळी चांदमारीवर जायचं, एकच गोळी झाडायची, घरी यायचं. कागद तोच. आठवडाभर.

विंको म्हणाला, "एका गोळीसाठी मी गेट उघडायला येऊ?"

"तू एका पत्रासाठी डोंगर चढायचास."

रोज येईन म्हणाला. थर्मासमध्ये कॉफीही आणणार आहे.

१२ ऑगस्ट, सोमवार

चार सकाळी, चार गोळ्या, चारही हातभर लांबून एकच भोक वाटावं अशा. काल मात्र मी नळी घासूनपुसून आतून तेलाचा हात दिला होता — आणि आजची पाचवी दोन बोटं वर, उजवीकडे! आधी वाटलं मी चुकले. मग पाठोपाठ दोन गोळ्या झाडल्या. दोन्ही घरी परतल्या — पुन्हा जुन्या भोकाशी.

म्हणजे तेलकट, चकचकीत नळीची पहिली गोळी भलतीकडे जाते. मळलेल्या नळीची जिथल्या तिथं. कारण सोपं आहे, फळ्यावर काढून दाखवीन. तर परीक्षेपर्यंत नळीत काही घालायचं नाही. बाहेरून पुसायची, आतून हात लावायचा नाही.

हे आमच्या मंडळात बोलायची सोय नाही! इथं परीक्षेच्या आदल्या दिवशी खोऱ्यातला प्रत्येक पुरुष नळी घासतो, तेल देतो, आरशासारखी करतो. चर्चला जाताना बूट पुसावेत तसं. आणि मग पहिली गोळी बाहेर गेली की वाऱ्याला शिव्या देतो.

१५ ऑगस्ट, गुरुवार

मारियाचा, येशूच्या आईचा सण. प्रार्थनेनंतर मंडळाच्या खोपटामागे जेवण. यंदा गुलाश — मंडळाचा मांसाचा रस्सा — मी ढवळला नाही. दरवर्षी मीच. "बाई, मग गुलाश कुणी करायचा?" "ज्याला भूक आहे त्यानं." भुकेल्यांनी केला. मीठ जास्त होतं. मी दोनदा वाढून घेतला.

अध्यक्ष बोगोमिर शेजारी येऊन बसला. आता लाकडाच्या कारखान्याचा मालक, पोट सुटलेलं. माझा विद्यार्थी.

"बाई, पंचवीसला तुमचा पेपर मी तपासणार. तुम्ही मला दोनदा नापास केलंत, आठवतं ना?"

"एकदा. दुसऱ्यांदा तू आलाच नव्हतास."

सगळे हसले. मग एकेकानं रायफलीवर तोंडसुख घेतलं. बाजारातून बटाट्याबरोबर आणली का? फिरकीचं झाकण आहे का तिला? आल्बिन त्यांच्यात बसून हसत होता. या सगळ्यांना नेम धरायला त्यानंच शिकवलं — वीस वर्षं तो मंडळाचा प्रमुख होता, त्याआधी इथला वनरक्षक. अजूनही तो बोलायला लागला की बाकीचे घास थांबवतात.

मी पर्समधून तो आठवड्याचा कागद काढला आणि त्याच्यापुढं ठेवला. म्हटलं, रोज एक. थंड नळी.

त्यानं चष्मा लावला. कागद बराच वेळ पाहिला. उजेडाकडे धरला. म्हणाला, "ते वरचं एक काय?"

"ते तेल."

"तेल?" असं म्हणाला, जसं काही मी देवाचं नाव वाईट अर्थानं घेतलं. "नळीला तेल नको? मास्तरीणबाई, हे तुझ्या फळ्यावर ठीक आहे."

पण कागद परत देताना घडी नीट घातली. त्यानं तसं कधी कुणाच्या कागदाला केलेलं मी पाहिलं नाही. खूप बरं वाटलं. हे त्याला सांगणार नाही.

१८ ऑगस्ट

त्याला म्हटलं, एकदा झाडून तर बघ. "माझ्या हाताला लाकडाची सवय आहे." बरं.

२१ ऑगस्ट, बुधवार

आज बसून, उभी राहून, काठीला टेकून — सगळं केलं. उभ्यानं माझा हात डुलतो, तो दोष माझा, रायफलचा नाही. काठीला टेकून तीनही गोळ्या तळहाताच्या आत. परीक्षेचं वर्तुळ तळहाताएवढंच आहे.

ही रायफल सुंदर नाही. कुणाच्या भिंतीवर शोभणार नाही. पण जे सांगते ते खरं सांगते. बिघडलं तर तिचं की माझं, हे लगेच कळतं. इतकी सरळ माणसं मला आयुष्यात दोन-तीनच भेटली.

२४ ऑगस्ट, शनिवार

उद्या. लवकर झोपते. आल्बिन मागच्या खोलीत त्याच्या रायफलीशी घासपूस करतो आहे, शिट्टी वाजवत. तेलाचा वास स्वयंपाकघरापर्यंत.

२५ ऑगस्ट, रविवार

क्रमानं लिहिते.

परीक्षकांच्या टेबलाशी बोगोमिर. तो प्रत्येकाच्या नळीत डोकावतो, दाताच्या डॉक्टरसारखा. माझ्या नळीत डोकावून म्हणाला, "वा बाई! आरसा!" मला काही कळलं नाही. वाटलं, नेहमीची थट्टा. नाव पुकारलं होतं, मी जाऊन बसले.

कागदावर हरणाचं चित्र, खांद्यामागे वर्तुळ. पहिली गोळी. नळीच्या तोंडातून निळसर धुराचा झुबका निघाला. आणि वास आला. मागच्या खोलीचा वास!

त्या एका क्षणात मला सगळं समजलं. काल रात्री शिट्टी एका रायफलीसाठी वाजत नव्हती.

काय करायचं? आता खाली-डावीकडे नेम धरू? मग दुसऱ्या गोळीपर्यंत तेल जळून गेलेलं असेल आणि ती चुकेल. मी बोल्ट ओढला — ट्रंकेचा आवाज, लोक मागे खिदळले — आणि ठरवलं, जिथं धरते तिथंच धरायचं. तिला ती कुठं मारते ते ठाऊक आहे. दुसरी. तिसरी. उठले.

विंको कागद घेऊन आला. दोन गोळ्या मधोमध, एकमेकींना चिकटून. पहिली वर, उजवीकडे, वर्तुळाच्या रेघेवर.

"रेघेला लागली तर आत," मी म्हटलं. "नियम तुमचाच."

"लागली का पण?" बोगोमिर म्हणाला. भिंग मागवलं. तो आणि विंको वाकले. मागच्यांपैकी कुणी म्हणालं, "बाहेर!" कुणी म्हणालं, "बादली आहे ती, सोडा!" बोगोमिरनं गोळीच्या जाडीची पितळी कांडी भोकात घालून पाहिली. पुन्हा घातली. माझ्या चौतीस वर्षांत मी कुणाचा पेपर इतका बारकाईनं तपासला नसेन. बरोबरच करत होता तो.

शेवटी सरळ झाला. "रेघ तुटलीय. आत. बाई, पास!" आणि मग मोठ्यानं, "आणि या दोन मधल्या पाहा रे जरा! आज सकाळपासून असं कुणाचं आलेलं नाही."

टाळ्या वाजल्या. बटाट्याची थट्टा करणारे दोघंही वाजवत होते. मला जे वाटलं ते मी इथं लिहीत नाही, फक्त एवढं, की डिग्री घेतली त्या दिवशीही असं वाटलं नव्हतं.

माझ्यानंतर आल्बिन.

ओकच्या पानांची रायफल. बसला. बराच वेळ धरली. पहिली गोळी — निळा झुबका. दुसरी. तिसरी. कागद आला तेव्हा मी टेबलाशीच उभी होते. दोन आत, पण खूप लांब-लांब. एक बाहेर. रेघ आणि भोक यांच्यामधे पांढरा कागद दिसत होता. भिंगाशिवाय दिसत होता.

विंकोनं एकदा पाहिलं. "आत."

"अर्थातच आत," बोगोमिर म्हणाला आणि आल्बिनच्या पाठीवर हात ठेवला. पितळी कांडी टेबलावरच पडून राहिली. टाळ्या.

मी मुलांचे अर्ध्या अर्ध्या मार्कासाठी कान उपटले आहेत. आज मी काही बोलले नाही.

गाडीत विचारलं, "माझी नळी तू साफ केलीस?"

"मग? आतून काळीकुट्ट होती. माझी बायको काळ्या नळीनं परीक्षकांपुढं जाणार? लोक मला काय म्हणतील?"

"मी तुला सांगितलं होतं."

"मला वाटलं, तू घाईत विसरलीस." आणि मग हळू, "तुझं चांगलं व्हावं म्हणून केलं, सिल्वा."

हे त्यानं खरंच प्रेमानं केलं. त्यामुळे नीट रागावताही येईना.

२६ ऑगस्ट

चांदमारीवर. थंड नळी, आता पुन्हा मळलेली. एक गोळी. जागेवर!

२८ ऑगस्ट, बुधवार

परवाना आला. माझं नाव, आणि त्याखाली — एकट्यानं. फ्रिजवर लावला. चुंबकानं. तिथं नातवंडांची चित्रं असतात, ती जरा बाजूला सरकवली.

पहिलं मचाण कुठलं, ते कधीच ठरलंय. घराच्या वरचा उतार, जुन्या सफरचंदाच्या झाडांच्या कडेचं. एक तारखेपासून माद्यांची शिकार खुली होते. मी एकटी जाणार. कानाशी कुणी नाही.

आल्बिननं परवाना वाचला, मान हलवली. त्याचाही आला आहे. त्यानं पाकीट फोडलं नाही.

जेवताना मी उगीचच म्हटलं, "तुझीही पहिली गोळी तेलानंच गेली."

"तेल दोघांच्याही नळीत होतं," तो म्हणाला.

बकव्हीटची, कुट्टूच्या पिठाची उकड तशीच ठेवून उठला. त्यावरची डुकराची तळलेली चरबीसुद्धा खाल्ली नाही.

३० ऑगस्ट

दिवसभर तो लाकडं फोडतो आहे. आमच्याकडे दोन हिवाळ्यांची फोडलेली पडली आहेत.

१ सप्टेंबर, रविवार

दुपारी बोगोमिरचा फोन. "बाई, तुम्ही त्यांना काही बोललात का?" नाही म्हटलं. "मग सकाळी येऊन त्यांनी परवाना का परत केला? पाकीटसुद्धा न फोडता! म्हणाले, माझ्या कागदाला ती पितळी कांडी का लावली नाहीस? मी काय सांगणार?"

संध्याकाळी मी निघाले. रायफल खांद्यावर, घराची किल्ली खिशात. आल्बिन दाराशी उभा. टोपी, कोट. बंदूक नाही, गळ्यात नुसती दुर्बीण.

"बरोबर कुणी लागतं का?"

"मला लागत नाही. परवाना आहे."

"माझ्याकडे परवाना नाही," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"बूट बदल," मी म्हटलं. "हे करकरतात."